थैलीला मराठी शब्द

जालन्याच्या सरकारी दवाखान्यात मी नोंदणीचा कारकून होतो, तेव्हाची ही हकिकत आहे. राज्य निजामाचे होते आणि कामकाजाची भाषा उर्दू. दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. आलेल्या रोग्याचे नाव, वय, गाव आणि तक्रार उर्दूत लिहून चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची, एवढे माझे कागदावरचे काम. कागदावर नसलेले काम याहून मोठे होते. डॉक्टर हैदराबादचे होते, त्यांना मराठी येत नव्हती, आणि खेड्यांतून येणाऱ्या बहुतेकांना उर्दू येत नव्हती. मधले बोलणे मी करायचो. त्यासाठी मला कोणी नेमले नव्हते, आणि ते नीट होते की नाही हे तपासणारेही कोणी नव्हते. सगळे मला मुन्शीजी म्हणत.

पुढे मी वर्तमानपत्रात गेलो. तिथे पहिल्या महिन्यातच शिकवले गेले की जे पाहिले ते एका बाजूला ठेवावे, जे ऐकले ते दुसऱ्या. इथेही तसेच करतो. जे पाहिलेले नाही, ते कोणाकडून ऐकले हे त्या त्या ठिकाणी सांगेन.

होळी होऊन गेली होती. राजूरच्या पलीकडे, हसनाबादच्या वाटेवरच्या एका गावाहून तिघे जण आले. एक नऊ वर्षांची मुलगी, तिचा बाप आणि बापाची आई. घर धनगराचे. दोन पिढ्यांपूर्वी जमीन झाली होती, पण मेंढरे सुटली नव्हती. बापाच्या खांद्यावर घोंगडी होती आणि ती त्याने दवाखान्यात शिरताना काढून हातात धरली, जशी माणसे देवळात पायताण काढतात.

मुलीच्या पोटात उजव्या बरगडीखाली गोळा होता. झग्यावरूनही दिसायचा.

"कधीपासून आहे?" मी विचारले.

"मागल्या दिवाळीला लिंबाएवढा व्हता," बाप म्हणाला. "आता पपईवाणी झाला."

"पपई कुठं पाह्यलीस तू?" म्हातारी म्हणाली. "नारळावाणी म्हन. न्हाईतर ते भलतंच लिहून घ्यायचे."

मुलगी हसली. तिला ताप नव्हता, भूक होती. गोळा दुखतो का, असे विचारल्यावर तिने डोके हलवून नाही म्हटले. वाकले की आडवा येतो, एवढेच तिचे म्हणणे.

डॉक्टरांनी झगा वर करायला लावला. पोटावर बिब्ब्याने डागल्याचे पाच काळे ठिपके होते, सगळे डाव्या बाजूला. आमच्याकडे हिवतापाने पोरांची पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. पोटात डावीकडे गोळा लागतो आणि त्यावर डाग देतात. या मुलीचा गोळा उजवीकडे होता. डागणाऱ्याचा हात नेहमीच्या जागी गेला होता.

डॉक्टरांनी डाव्या हाताची तीन बोटे गोळ्यावर पसरून ठेवली आणि मधल्या बोटावर उजव्या हाताने टिचकी मारली. मारल्यावर बोटे तशीच ठेवून थांबले. पुन्हा एकदा तसेच केले. मग मला म्हणाले, "मुन्शीजी, इधर आइए. हाथ रखिए." मी बोटे ठेवली, त्यांनी टिचकी मारली. पाण्याने भरलेल्या पखालीवर बाहेरून चापट मारली की आत लहर जाते, तशी एक बारीक थरथर बोटांना लागली आणि टिचकी संपल्यावरही क्षणभर राहिली. पानथरीत असे होत नाही, ती घट्ट असते, असे डॉक्टर म्हणाले. दवाखान्यात क्ष-किरणाचे यंत्र नव्हते. रोग ओळखायला ही तीन बोटे होती आणि प्रश्न होते.

पहिला प्रश्न ऐकून मला वाटले आपण चुकीचे ऐकले. घरात कुत्री किती?

"तीन हायेत," बाप म्हणाला आणि पहिल्यांदाच ताठ बसला. "लांडग्याला पाडत्यात."

"चार," मुलगी म्हणाली. "काळीला धरलंच न्हाई."

"हिच्याजवळ येतात का?"

"एका ताटात जेवत्यात," म्हातारी म्हणाली. "मारलं तं ही रडती."

दुसरा प्रश्न असा होता. मेंढी कापली की तिच्या काळजात, म्हणजे यकृतात, पाण्याचे फोड निघतात का?

"निघत्यात की," बाप म्हणाला. "जुनी मेंढी असली तं हमखास. अंड्याएवढाले. ते कोन खातं साब? कुत्र्याला टाकतो."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि मला समजावून सांगितले. फोड कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात बारीक किडे होतात. त्यांची अंडी कुत्र्याच्या अंगाला, गवताला, पाण्याला लागतात. मेंढी ती गवताबरोबर खाते. पोर कुत्र्याला कवटाळते आणि त्याच हाताने भाकर खाते. मेंढीच्या काळजात जे होते तेच या पोरीच्या काळजात झाले आहे. हैदराबादला शिकत असताना त्यांनी असे दोन रोगी पाहिले होते. दोघांचे ऑपरेशन झाले होते आणि दोघे चालत घरी गेले होते. जिल्ह्याच्या दवाखान्यात सर्जन होता, औरंगाबाद रेल्वेच्या वाटेवर होते, आणि मुलीच्या अंगात अजून ताकद होती. डॉक्टर बोलताना खुशीत होते. बरा होणारा रोग त्यांच्यापुढे रोज येत नसे.

मग ते म्हणाले, "इनसे कहिए, पेट में पानी की थैली है. थैली निकालनी पडेगी. तब तक न कोई सुई लगाए, न मालिश करे. थैली फूटनी नहीं चाहिए."

मी म्हणालो, "पोरीच्या पोटात पाण्याची पिशवी आहे. ती काढावी लागेल."

थैलीला मराठीत पिशवी म्हणतात. बाजारातून ज्वारी आणतात ती पिशवी, तंबाखूची ती पिशवी. मला तो शब्द शोधावा लागला नाही. त्याचा दुसरा अर्थ मला माहीतच नव्हता असेही मी म्हणणार नाही. कानावर कधी तरी आलेला होता. पण तो बायकांच्या बोलण्यातला होता, आणि तसले काही ऐकले तर पुरुषाने ते ऐकले नाही असे धरून चालायचे असते.

"काय काढायची?" म्हातारीने विचारले.

"पिशवी."

"या पोरीची?"

"हो. औरंगाबादला."

म्हातारी उठली. "चल गं माय," ती मुलीला म्हणाली.

"आई, थांब की. साब बोलून राह्यले," बाप म्हणाला.

"मी ऐकलं. तू ऊठ." दारात जाऊन ती माझ्याकडे वळली. "सोयऱ्याला काय तोंड दाखवू, मुन्शीजी?"

ती तिघे गेली. हे सगळे मिनिटभरात झाले. डॉक्टरांचे दुसरे वाक्य, सुई आणि मालिश याविषयीचे, मी बोललोच नव्हतो. डॉक्टरांनी विचारले, काय झाले. मी सांगितले, घाबरले. चाकूचे नाव ऐकून उठून जाणारे रोज दोघे-तिघे तरी असत. त्यांतले निम्मे आठवड्याने परत येत. हेही येतील, असे मी डॉक्टरांना सांगितले आणि पुढच्या रोग्याचे नाव पुकारले.

शुक्रवारी दवाखान्याला सुटी असायची. जालन्यातल्या मस्तगडच्या घरात बायको सुपात तांदूळ निवडत होती आणि मी काही तरी बोलायचे म्हणून तिला कुत्र्यांची आणि मेंढीच्या काळजाची गोष्ट सांगत होतो. म्हातारी कशी उठली, तेही सांगितले. बायकोचे हात थांबले.

"तुम्ही 'पिशवी' म्हणालात?"

"मग काय म्हणायचं?"

"म्हातारीच्या तोंडावर? पोरीची पिशवी काढायची म्हणून?"

"थैलीला दुसरं काय म्हणतात?"

"गाठ म्हणायचं. फोड म्हणायचं. पखाल म्हणा, मोट म्हणा, काहीही म्हणा. पोरीचं लग्न झालेलं होतं का?"

मी आठवून पाहिले. गळ्यात काळे मणी होते. त्या काळात आमच्या भागात नऊ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात ते असणे हे नोंद करण्याजोगे नव्हते, म्हणून मी ती केली नव्हती.

"अहो, बाईला पिशवी एकच असते," बायको म्हणाली. "मूल राहतं ती. ती काढून आणलेली पोर सासरचे कशाला नेतील? मी असते तर मीही उठले असते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी तर तुम्हाला दोन शब्द ऐकवूनच उठले असते."

शनिवारी सकाळी मी डॉक्टरांना हे सांगितले. ते आधी हसले. मग हसू थांबले. त्यांनी कागद ओढला आणि मुलीच्या बापाच्या नावाने उर्दूत चिठ्ठी लिहिली. थैली जिगरमध्ये आहे, म्हणजे काळजात. या ऑपरेशनचा गर्भाशयाशी काही संबंध नाही. लवकर घेऊन या. चिठ्ठी लहान असली की लोक वाचतात, असे म्हणून त्यांनी चार ओळींत संपवली. सुई-मालिशचे ते आल्यावर समोरच सांगू, असे आमचे ठरले. लोकर घ्यायला त्या गावांत फिरणारा एक व्यापारी होता, त्याच्या हाती ती दिली. तिची घडी मी घातली होती, म्हणजे ती वाचलीही होती.

पंधरा दिवस कोणी आले नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच जाऊन या. मी एका दिवसाची रजा काढली. राजूरपर्यंत एका मारवाड्याच्या मोटारीत जागा मिळाली. चतुर्थी होती आणि मोटारीत गणपतीला निघालेली माणसे एकमेकांच्या मांडीवर बसली होती. राजूरहून पुढे चालत गेलो. दीड तास लागला. वाटेत मी मराठी शब्द जुळवत होतो. गाठ. फोड. काळजावरचा फोड.

घरापुढे म्हातारी लोकर विंचरत बसली होती. मला पाहून ती उठली नाही, पण हसली.

"या मुन्शीजी. चाकू आन्ला का संगं?"

मी म्हणालो, माझ्या बोलण्यात चूक झाली, ते सांगायला आलो आहे. ती पिशवी म्हणजे बायकांची पिशवी नव्हे. काळजाला फोड आला आहे, मेंढीच्या काळजाला येतो तसा. तो काढायचा आहे.

म्हातारीने ऐकून घेतले. "मंग त्याला बायांचं नाव कशाला देलं, बापा?" ती म्हणाली.

मी चिठ्ठीचे विचारले.

"आल्ती ना. चावडीवर वाचली पटवाऱ्यानं. सारं गाव गोळा झाल्तं." ती लोकर खाली ठेवून पटवाऱ्यासारखी मान वर करून बसली. "म्हने, डॉक्टरसाब लिहित्यात, या ऑपरेशनाचा दयेशी काईच संबंध न्हाई. मी म्हनलं, मानूस खरं बोलनारा हाये. लोकं हसून हसून पडले."

हे ती गंमत म्हणून सांगत होती. मला ती चिठ्ठीतली ओळ आठवली. इस ऑपरेशन का रहम से कोई ताल्लुक नहीं. गर्भाशयाला उर्दूत रहिम म्हणतात आणि दयेला रहम. दोन्ही शब्द त्याच तीन अक्षरांनी लिहितात, कारण त्या लिपीत र्‍हस्व स्वर लिहायची पद्धत नाही. पटवाऱ्याने त्याला ठाऊक असलेला शब्द वाचला. मी घडी घालताना दुसरा वाचला होता. चूक कोणाचीच म्हणता येणार नाही अशी ती दुसरी चूक होती.

"पोर कुठं आहे?" मी विचारले.

"कोकरं घेऊन गेल्ती. येईल आता. तुमी पानी प्या." मग ती म्हणाली, "तिची पिशवी बसली जागेवर."

पुढचे मी म्हातारीकडून आणि तिच्या शेजारणीकडून ऐकले. दवाखान्यातून गावी गेल्यावर तिने विचार केला. डॉक्टरला पोटाला हात लावताच पिशवी लागली, म्हणजे पिशवीच सरकून वर आली असणार. सरकलेली पिशवी बायका चोळून बसवतात. नऊ वर्षांच्या पोरीची कशी सरकली हे तिला कोडे होते, पण पोर कोकरे उचलायची, झाडावर चढायची. गल्लीतच एक सुईण होती. तिने पोरीला उताणे निजवून एरंडेलाच्या हाताने खालच्या दिशेने पोट चोळायला घेतले. दोन दिवस काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला आणि गोळा एकदम हाताखालून गेला.

"गपकन आत गेला," शेजारीण म्हणाली. ती शेजारीण म्हणजे ती सुईणच होती, हे मला तेव्हा कळले.

गोळा गेला आणि पोर पांढरी पडली. अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घुंऽ घुंऽ वाजायला लागला. कांदा फोडून नाकाशी धरला. म्हातारी म्हणाली, त्या वेळी तिला वाटले गेली पोर. पण दुपार कलताना पोरीने डोळे उघडले आणि दुसऱ्या दिवशी भाकर मागितली. गांधी चार दिवसांनी गेल्या. गोळा पुन्हा आला नाही.

मुलगी आली तेव्हा तिच्या मागे तीन कुत्री होती आणि एक थोडी लांब. ती धावत आली. मी तिला निजायला सांगितले आणि डॉक्टरांनी दाखवली होती तशी तीन बोटे ठेवून टिचकी मारली. पोट मऊ होते. बोटांना काही लागले नाही.

"मुन्शीजी," सुईण म्हणाली, "तुमच्या साबाला आमच्याकडं धाडा. दोन महिन्यात तयार करून देते बिलकुल."

सगळे हसले, मीही हसलो. मला आनंद झाला होता, हे इथे लिहून ठेवतो. चुकलेल्या शब्दाने काही बिघडले नाही असे वाटले. म्हातारीने गूळ-शेंगदाणे दिले, ते मी खाल्ले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगताना मी जवळजवळ त्याच सुरात सांगितले. गोळा गेला, या शब्दापाशी त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"पित्ती उछली थी?" त्यांनी विचारले. म्हणजे गांधी उठल्या होत्या का.

"हो. चार दिवस."

मग त्यांनी मला समजावले, अगदी सावकाश, जसे रोग्याच्या घरच्यांना समजावतात. थैली बसली नाही, फुटली. आतले पाणी अंगाला विषासारखे असते, म्हणून गांधी उठल्या. त्यातच पोर जायची. त्यातून ती वाचली. पण त्या पाण्यात रव्यासारखे कण असतात आणि प्रत्येक कण एक बी असतो. ते आता सगळ्या पोटात सांडले आहेत. जिथे जो पडला तिथे तो वाढेल. लगेच पोट उघडून धुतले तर कदाचित काही करता येईल. कदाचित. "एक थी," ते म्हणाले. "अब गिनना मुश्किल होगा."

मी विचारले, पहिल्याच दिवशी औरंगाबादला गेली असती तर? ते म्हणाले, ऑपरेशन आहे, खात्री कोणी देत नाही. पण मी पाठवताना काळजी न करता पाठवली असती.

त्यांनी मला दोष दिला नाही. त्यानंतर ते कधी कधी रोग्याशी बोलायच्या आधी मला विचारायचे, या शब्दाला तुमच्यात काय म्हणतात. एवढाच फरक पडला.

बाजाराच्या दिवशी बाप लोकर घेऊन जालन्याला यायचा, हे मला ठाऊक होते. दोन बाजार मी त्याला शोधले, तिसऱ्या वेळी तो सापडला. मी त्याला सगळे सांगितले. फोड फुटला आहे, आत बी पडले आहे, वर काही दिसत नसले तरी पोरीला लवकर आण. तो ऐकत होता आणि लोकरीच्या गठ्ठ्याची दोरी आवळत होता.

"मुन्शीजी," तो म्हणाला, "राग येऊ देऊ नका. गोळा व्हता तवा तुमी म्हनलात कापा. आता गोळा न्हाई, तरी म्हनता कापा."

"आत आहे तो. दिसत नाही इतकंच."

"पोरगी शेरडामागं पळून राह्यली. तिला धरून आनू आन् फाडा म्हनू? तिच्या मायला काय सांगू?" मग त्याला माझी दया आली असावी. "पुन्हा आला गोळा तं आनतो. शब्द देतो."

त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हणालो असतो. मी आणखी एकदा म्हणालो, जल्दी आण. तो बरं म्हणाला आणि गठ्ठा उचलून गेला.

त्यानंतर तीन वर्षे मला काही कळले नाही. लढाई सुरू झाली, क्विनाइन मिळेनासे झाले, दवाखान्यातली गर्दी तेवढीच राहिली. लोकरीचा व्यापारी यायचा, त्याला मी आधी विचारायचो. ठीक आहे, म्हणायचा. मग विचारणे कमी झाले.

ती पुन्हा आली तेव्हा वैशाखाचे ऊन होते. बैलगाडीत गोधडीवर निजवून आणली होती. बाप, म्हातारी आणि ती. बारा वर्षांची मुलगी, पण हातपाय ती नऊ वर्षांची असताना होते त्यापेक्षा बारीक. पोट मोठे, आणि गोल नव्हे. कातडीखाली उंचवटे दिसत होते, लहान-मोठे, बरगडीपासून खालपर्यंत. डोळ्यांत पिवळेपणा होता. बापाने दिलेला शब्द मोडला होता असे म्हणता येणार नाही. गोळे पुन्हा यायला दोन वर्षे लागली, आणि आले ते सगळीकडून सारखेच आले, त्यामुळे आधी कोणाला ते गोळे वाटलेच नाहीत. पोरीचे अंग भरते आहे असे वाटले. हे म्हातारीने सांगितले.

डॉक्टरांनी बोटे ठेवली आणि टिचकी मारली. दुसऱ्या जागी ठेवली. तिसऱ्या. चौथ्या जागी त्यांनी बोटे ठेवली, पण टिचकी मारली नाही. झगा खाली केला आणि हात धुवायला गेले. ते हात फार वेळ धुवत होते.

बाप माझ्याजवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, "मुन्शीजी, साबाला सांगा. आता पिशवी काढा. आमची हरकत न्हाई."

मी त्याच्याकडे पाहिले.

"सोयऱ्याचीबी न्हाई," तो म्हणाला. "जवायाचं त्यांनी दुसरं लगीन केलं चैतात. पोट पाहून गेल्ते. आता पिशवी असली काय, नसली काय. पोरगी राह्यली पायजे."

ती पिशवी नव्हती, हे मी घरी म्हातारीला आणि बाजारात त्याला सांगितले होते. ते त्याच्या डोक्यात बसले नव्हते, किंवा तीन वर्षांत पुसले गेले होते. त्याला वाटत होते, त्या वेळी डॉक्टरांनी जे मागितले आणि त्याने जे दिले नाही, ते आता देऊ केले म्हणजे हिशेब बरोबर होईल. मी डॉक्टरांकडे गेलो आणि तो काय म्हणतो ते सांगितले. ते टॉवेलने हात पुसत होते.

"औरंगाबाद?" मी विचारले.

त्यांनी मान हलवली. सर्जन एक थैली काढेल, दोन काढेल. आतड्याला, पोटातल्या पडद्याला, सगळीकडे थैल्या चिकटलेल्या आहेत. टेबलावरच जाईल. यावर औषध नाही, असे ते म्हणाले. तेव्हा नव्हतेच. आता गोळ्या निघाल्या आहेत असे मी अलीकडे एका वैद्यकीय वार्तेत वाचले; तेव्हा नव्हत्या.

"इनसे क्या कहूँ?" मी विचारले. एरवी हे मी कधी विचारत नसे.

"कहिए, जो माँगे खाने को दीजिए."

मी बाहेर आलो. गाडी लिंबाच्या सावलीत होती. म्हातारी मुलीच्या तोंडावरच्या माशा पदराने हाकत होती. बाप उभाच होता.

"डॉक्टर म्हणतात, तिला जे मागेल ते खायला द्या," मी म्हणालो.

या वाक्यात समजावून सांगण्यासारखे काही नव्हते. आमच्याकडे दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला ते कळते. पथ्य सांगितले म्हणजे डॉक्टरला अजून आशा आहे. पथ्य काढून घेतले म्हणजे संपले. बापाने घोंगडीचे टोक धरले आणि सोडले. म्हातारीचा पदर हलत राहिला.

"काय म्हनले?" मुलीने विचारले. आवाज बारीक होता, पण स्पष्ट.

"पथ्य न्हाई म्हनले," म्हातारी म्हणाली. "तुला काय पायजे ते खा, माय. काय खाशील?"

मुलीने थोडा विचार केला. "हुरडा," ती म्हणाली.

वैशाखात हुरडा कुठून येणार? ज्वारीचे कोवळे कणीस पौषात भाजतात. त्या वेळी शेते नांगरून उघडी पडली होती. बाप म्हणाला, "आनतो." म्हातारी म्हणाली, "आता न्हाई भेटायचा बाई. दुसरं सांग. पेढा खाशील? जालन्यात भेटतो."

"न्हाई," मुलगी म्हणाली. "मंग हुरडा निघल तवाच खाईन."

बापाने बैल जुंपले. जुंपताना एकदा बैलाच्या मानेचे जोतर त्याच्या हातून खाली पडले आणि ते उचलायला त्याला वेळ लागला. मी गाडीच्या मागून फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. आत माणसे खोळंबली होती.

नंतरचे लोकरीच्या व्यापाऱ्याकडून कळले. मुलगी भाद्रपदात गेली. ज्वारीची पेरणी अजून व्हायची होती. शेवटच्या दिवसांत तिने दुसरे काही मागितले का, हे मी त्याला विचारले. त्याला ते माहीत नव्हते.